गणित आज अडतं, पण बिघडलेलं असतं आधीच

"बीजगणित माझ्या डोक्यात शिरतच नाही," असं म्हणत एक नववीतली मुलगी माझ्याकडे आली. वहीत लाल फुल्या भरपूर. मी त्यातलं एकच उदाहरण निवडलं आणि माझ्यासमोर पुन्हा सोडवायला सांगितलं.

क्ष/३ + २ = क्ष/२

तिने क्ष/३ उजवीकडे नेलं, चिन्ह बदललं आणि लिहिलं: २ = क्ष/२ − क्ष/३. इथपर्यंत एकदम बरोबर. पुढची ओळ: २ = (क्ष − क्ष)/(२ − ३). त्याखाली २ = ०/(−१), आणि शेवटी २ = ०. तिथे तिने पेन खाली ठेवलं. "बघा, दर वेळी असंच होतं."

आता या ओळी पुन्हा वाचा. पद इकडचं तिकडे नेणं, चिन्ह सांभाळणं, म्हणजे ज्याला आपण बीजगणित म्हणतो ते तिला व्यवस्थित येतंय. घोटाळा झालाय तो अपूर्णांकांच्या वजाबाकीत. अंशातून अंश वजा, छेदातून छेद वजा. हा धडा तिने तीन-चार वर्षांपूर्वी 'संपवला' होता. तेव्हाचा बिघाड आता नववीत बीजगणिताचं नाव घेऊन वर आला होता, आणि ती मात्र 'बीजगणित येत नाही' म्हणून बीजगणिताचीच आणखी पन्नास उदाहरणं सोडवत बसली होती.

गणितात अडलेल्या बहुतेक मुलांची गोष्ट साधारण अशीच असते. दुखतं एकीकडे, मूळ दुसरीकडे.

इतिहासात एखादा धडा बुडला तर पुढचा धडा वाचता येतो. थोडं काही निसटतं, पण गाडी अडत नाही. गणिताचं तसं नाही. भागाकाराला गुणाकार लागतो, अपूर्णांकांना भागाकार लागतो, गुणोत्तर आणि शेकडेवारीला अपूर्णांक लागतात, आणि बीजगणिताला हे सगळंच. मधली एक पायरी खिळखिळी असली तरी मूल वर चढतं, कारण वर्ग पुढे सरकलेला असतो आणि त्याला मागे थांबायची मुभा नसते. मग ते समजण्याच्या जागी पाठांतराची फळी टाकतं. एखाद-दोन वर्षं ती फळी टिकतेही.

चुकीलाही तर्क असतो

पालक आणि कधीकधी शिक्षकही चुकीच्या उत्तराकडे 'निष्काळजीपणा' म्हणून बघतात. निष्काळजीपणा असतोच, नाही असं नाही. पण एखादं मूल तीच चूक पुन्हा पुन्हा करत असेल तर ते निष्काळजी नाही, उलट फार काटेकोर आहे. फक्त पाळत असलेला नियम चुकीचा आहे.

उदाहरणार्थ, एका मुलाने ३०४ − १५८ = २५४ असं लिहिलं. खरं उत्तर १४६. हे २५४ आलं कुठून? एककात ४ आणि ८, फरक ४. दशकात ० आणि ५, फरक ५. शतकात ३ आणि १, फरक २. म्हणजे प्रत्येक घरात मुलाने 'मोठ्यातून लहान' वजा केलं, कोण वर आणि कोण खाली हे न बघता. याला नुसतं 'हातचा घ्यायला विसरला' म्हणून चालणार नाही, कारण त्याच्या नियमात हातचा घ्यायची वेळच येत नाही. अशाने पुढची दहाही उदाहरणं चुकणार, आणि सगळी एकाच पद्धतीने चुकणार. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या अशाच चुकांचा अभ्यास मांडला, आणि संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये असतो तसा 'बग' हा शब्द त्यांनी या चुकांसाठी वापरला. प्रोग्रॅम सांगितल्याप्रमाणेच चालतो, मधली एखादी सूचना तेवढी चुकीची असते.

आता गंमत बघा. 'मोठ्यातून लहान' हा नियम मुलाने हवेतून आणलेला नाही. पहिली-दुसरीत कोणीतरी त्याला सांगितलेलं असतं, 'लहान संख्येतून मोठी संख्या वजा होत नाही.' त्या वेळी सोयीचं म्हणून सांगितलेलं ते अर्धसत्य त्याने प्रामाणिकपणे जपून ठेवलंय. अशी अर्धसत्यं आपण पुष्कळ वाटतो. 'गुणलं की वाढतं', आणि मग एक दिवस अर्ध्याने गुणायला सांगतो. 'जास्त अंक म्हणजे मोठी संख्या', मग मूल ०.३५ ला ०.८ पेक्षा मोठं ठरवतं, कारण ३५ हे ८ पेक्षा मोठे. 'बरोबरचं चिन्ह आलं की उत्तर लिहायचं', मग ७ + ५ = □ + ३ या चौकटीत मूल बेधडक १२ लिहितं. काही जण सगळ्याची बेरीज करून १५ लिहितात. ९ फार थोड्यांना सुचतं. ज्या मुलाला बरोबरचं चिन्ह म्हणजे 'दोन्हीकडे सारखं' असं वाटतच नाही, त्याला समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून तीन वजा करायला सांगणं म्हणजे निव्वळ मंत्र म्हणायला लावणं.

ऋण संख्यांचं तर विचारूच नका. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन म्हणजे मालमत्ता आणि ऋण म्हणजे कर्ज असं धरून त्यांचे नियम लिहून ठेवले. त्यात 'ऋण गुणिले ऋण धन' हाही नियम होता. तरी त्यानंतर अकराशे वर्षांनी, १७५८ साली, फ्रान्सिस मासेरेस नावाचा इंग्रज गणिती ऋण संख्या बीजगणितातून हद्दपार करा म्हणून आख्खा ग्रंथ लिहीत होता. आणि शून्याला शून्याने भागल्यावर शून्य येतं, असं खुद्द ब्रह्मगुप्ताने लिहून ठेवलंय, जे आज आपण मानत नाही. मोठमोठ्या डोक्यांना जे पचवायला शतकं लागली, ते बारा वर्षांच्या मुलाने दोन आठवड्यांत गिळावं आणि तिसऱ्या आठवड्यात त्यावर परीक्षा द्यावी अशी आपली अपेक्षा असते. त्याने 'पण असं का?' विचारलं तर तो मठ्ठ नाही, नेमक्या जागी अडखळलाय.

आकडे दिसले की क्रिया

शाब्दिक उदाहरणांत वेगळीच गडबड होते. १९७९ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे प्राथमिक वर्गातल्या मुलांना एक प्रश्न दिला गेला: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी त्या आकड्यांवर काहीतरी क्रिया करून कप्तानाचं वय काढून दिलं.

हसू येतं, पण मुलांना वेड्यात काढण्यात अर्थ नाही. गणिताच्या तासाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, ते दिलेल्या आकड्यांतूनच निघतं आणि बहुधा कालच शिकवलेल्या रीतीने निघतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. मग वाचायचं कशाला? 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी. ही युक्ती इतक्या वेळा चालते की ती रीतच वाटायला लागते. आणि मग असा प्रश्न येतो: 'ताईकडे १२ पेन्सिली आहेत. त्या दादाच्या पेन्सिलींपेक्षा ५ ने जास्त आहेत. दादाकडे किती?' 'जास्त' हा शब्द वाचून निम्मा वर्ग १७ लिहून मोकळा.

यावर मला सापडलेला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आकडेच काढून टाकायचे. 'ताईकडे काही पेन्सिली आहेत, त्या दादापेक्षा थोड्या जास्त आहेत. जास्त कोणाकडे? दादाच्या काढायच्या असतील तर काय कराल?' करण्यासारखं काही हातात नसलं की मूल नाइलाजाने वाचतं.

डोक्यातली जागा

मनातल्या मनात ४७ ला ६ ने गुणा. बहुतेक जण ४० × ६ = २४० करतात, ते बाजूला धरून ठेवतात, मग ७ × ६ = ४२, आणि शेवटी २८२. यात अवघड काही नाही, फक्त ते २४० काही क्षण धरून ठेवावं लागतं. ज्याला साताचा पाढा येत नाही तो मुलगा सात, चौदा, एकवीस मोजत बेचाळीसपर्यंत पोचतो, आणि तोपर्यंत २४० हातातून सुटलेले असतात. तो पुन्हा सुरुवात करतो.

आपण एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकतो. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. नंतरच्या संशोधनाने तो चारपर्यंत खाली आणला. म्हणजे डोक्यातलं हे कामाचं टेबल फार लहान आहे. त्यावर पाढ्यांचा पसारा मांडला तर मूळ उदाहरण ठेवायला जागा उरत नाही.

म्हणून घोकंपट्टीला सरसकट शिव्या घालणाऱ्यांशी माझं पटत नाही. पाढे पाठ असावेत. पाढे म्हणजे गणित नव्हे, पण ते पाठ असले की गणितासाठी डोकं मोकळं राहतं. फरक एवढाच की सात सक बेचाळीस पाठ असायला हरकत नाही, पण 'भागाकार असेल तर दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा' हे नुसतं पाठ असेल तर महिन्याभरात 'उलटा पहिला करायचा की दुसरा?' हा प्रश्न आलाच म्हणून समजा.

याच टेबलावर भीतीही येऊन बसते. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ साली प्रयोगांतून दाखवलं, की गणिताची धास्ती असलेल्या लोकांना काही अक्षरं लक्षात ठेवून हातच्याची बेरीज करायला लावली, तर त्यांच्या चुका इतरांपेक्षा बऱ्याच वाढतात. धास्ती डोक्यातली जागा खाते. 'घरी येत होतं, परीक्षेत सगळं विसरलो' ही थाप असतेच असं नाही. आणि ही धास्ती घरातूनही मिळते. 'मलाही गणित कधी जमलं नाही' हे वाक्य आई-बाबा मुलाला धीर द्यायला म्हणतात. मूल त्यातून ऐकतं ते एवढंच, की हे रक्तातच नाही.

(थोड्या मुलांना मात्र संख्यांची मूळ जाणच अवघड जाते. याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. शंभरातल्या साधारण तीन ते सात मुलांना तो असतो असा अंदाज आहे. नुसतं बघून दोन गटांतला मोठा कोणता हे सांगायला मूल बरंच मोठं झाल्यावरही चाचपडत असेल, तर शिकवणी बदलण्याआधी तज्ज्ञाला दाखवावं.)

'समजलं' आणि 'आलं'

फळ्यावर कोणी उदाहरण सोडवत असलं की सगळं समजतं. पुढची ओळ यायच्या आत आपल्यालाही ती सुचते, मान डोलते. घरी कोरं पान समोर आलं की पहिलीच ओळ सुचत नाही. यात मूल खोटं बोलत नसतं. दुसऱ्याच्या मागोमाग चालताना रस्ता माहीत असल्यासारखा वाटतोच. प्रत्येक वळणावर कुठे वळायचं हे दुसऱ्याने ठरवलेलं असतं, आणि गणितातलं खरं काम तेच आहे.

म्हणून सोडवलेलं उदाहरण वाचायचं, प्रत्येक ओळीपाशी 'हे इथे का केलं?' याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत द्यायचं, मग पुस्तक मिटून तेच उदाहरण कोऱ्या पानावर करायचं. अडलं की उघडायचं, एक ओळ बघायची, पुन्हा मिटायचं. सोडवलेली उदाहरणं बघणं म्हणजे कॉपी, असा एक सोवळेपणा काही घरांत असतो. तो सोडून द्यावा. विषय नवा असताना सोडवून दाखवलेलं उदाहरण फार उपयोगी पडतं. मिटून करायची पायरी टाळली तर मात्र सगळं वाया.

सरावाबद्दल एक गोष्ट मलाही सुरुवातीला पटली नव्हती. आपली पुस्तकं अशी असतात: एक रीत शिकवायची, खाली त्याच रीतीची वीस उदाहरणं. पाचव्या उदाहरणानंतर हात आपोआप चालतो आणि सराव चांगला झाल्यासारखं वाटतं. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एका आकृतीची सगळी उदाहरणं सलग दिली, मग दुसरीची. दुसऱ्या गटाला चारही प्रकार मिसळून दिले. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळलेल्यांची जेमतेम ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळलेले ६३ टक्क्यांवर.

कारण उघड आहे. 'वर्गसमीकरणे' असं शीर्षक असलेल्या सरावसंचात कोणती रीत वापरायची हे शीर्षकानेच सांगून टाकलेलं असतं. परीक्षेत शीर्षक नसतं. तेव्हा घरी एवढंच करा: आजच्या धड्याची पाच उदाहरणं, आणि त्यात मागच्या महिन्यातली दोन, गेल्या वर्षातलं एक, क्रम उलटासुलटा. मुलं कुरकुरतील, कारण उत्तरं जास्त चुकतील. चुकू द्या.

ताळा

हा जुना शब्द हल्ली कमी ऐकू येतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं. ताळा पाहायचा म्हणजे उत्तर खरं आहे का हे दुसऱ्या वाटेने जाऊन तपासायचं. १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्या मुलाला छेद समान करायची रीत पुन्हा सांगण्याआधी एवढंच विचारा, 'अर्ध्यात आणखी काही मिळवलं, तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं?' २/५ अर्ध्यापेक्षा कमी आहे. (अ + ब)² = अ² + ब² लिहिणाऱ्याला ३ आणि ४ घालून बघायला सांगा. एकीकडे ४९, दुसरीकडे २५. नियम चुकलाय हे दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही.

सोडवायला बसण्याआधी अंदाज आणि सोडवून झाल्यावर ताळा, या दोन सवयी असलेल्या मुलाला पुस्तकामागची उत्तरं लागत नाहीत. उत्तर बरोबर आहे का हे विचारायला ते दर वेळी उठून कोणाकडे धावत नाही, आणि माझ्या मते धास्ती कमी व्हायला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

त्या मुलीकडे परत येतो. मी तिला विचारलं, "अर्ध्यातून एक तृतीयांश काढला तर किती उरतं?" तिने लिहिलं ०/(−१), म्हणजे शून्य. मग कागदाची एक पट्टी पुढे केली, बारा घरं आखलेली. "अर्धी किती घरं?" सहा. "एक तृतीयांश?" थोडं थांबून, चार. "सहातून चार गेली?" दोन उरली. "मग मघाशी शून्य कसं आलं?" ती बराच वेळ पट्टीकडे बघत बसली.

हीच मुलगी बोलताना दीड, अडीच, पावणेदोन असे शब्द बिनदिक्कत वापरते. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, हे तिला कोणी समजावून द्यावं लागत नाही. म्हणजे अपूर्णांक तिच्या जिभेवर आहेत. वहीतल्या आडव्या रेघेशी मात्र त्यांची कधी गाठ घालून दिली गेली नव्हती. बारा घरांपैकी दोन म्हणजे १/६, हे तिने स्वतः लिहिलं. मग मूळ उदाहरण: २ = क्ष/६. क्ष = १२. "ताळा बघ." १२ चा तिसरा भाग ४, त्यात २ मिळवून ६. १२ चा अर्धा ६. पट्टीवर बारा घरं का आखली होती हे तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि तिने माझ्याकडे जरा रागानेच बघितलं.

पुढचे तीन आठवडे आम्ही बीजगणिताला हातही लावला नाही. फक्त अपूर्णांक: पट्ट्या, संख्यारेषा, कोणता मोठा, कोणता लहान, अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे. वहीच्या मागच्या पानांवर तिने चुकांची यादी ठेवली. बरोबर उत्तर तिथे उतरवायचं नाही, 'मी काय समजले होते' तेवढंच एका ओळीत लिहायचं, असं ठरलं होतं. ती एकदम सुधारली असं काही झालं नाही. चौथ्या आठवड्यात पुन्हा समीकरणं काढली तेव्हा क्ष/२ + क्ष/५ = १४ यावर तिने २क्ष/७ = १४ केलं आणि क्ष = ४९ काढलं. जुनीच चूक, बेरजेच्या वेषात. मी काही बोलणार इतक्यात तिने खाली दुसरी ओळ लिहिली: '४९ चा अर्धाच २४ च्या वर. जुळत नाही.' मग सगळ्यावर एक आडवी रेघ, शेजारी बारीक अक्षरात 'छेद मिळवले, परत', आणि नव्या ओळीवर ७क्ष/१०.